दुरुस्ती झाली तरी गाडी गरम होतेच: नाशिकच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नवा, वॉटर पंपही नवा. तरी तापमानाचा काटा चढतोच. आता काय बदलायचं?

आता काहीच बदलायचं नाही. आधी गाडी नेमकी कधी गरम होते ते धरायचं. तीन पार्ट बदलूनही दोष तसाच असेल, तर बहुधा ते तिन्ही पार्ट अंदाजाने बदललेले असतात, तपासून नव्हे. चौथा पार्टही अंदाजानेच बदलला तर पैसे जातील आणि इंजिन रोज थोडं थोडं भाजत राहील.

द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला गर्दीत उभं राहिलं की काटा चढतो आणि महामार्गाला लागून वारा मिळाला की खाली येतो, असं असेल तर दोष हवेच्या बाजूला आहे. म्हणजे पंखा, त्याचा रिले, पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट.

याच्या अगदी उलट, शहरात गाडी गार आणि समृद्धीवर शंभरच्या पुढे वीसेक मिनिटं धरली की काटा सरकतो, असं असेल तर पंख्याला हात लावू नका. त्या वेगात पंख्याची गरजच नसते. तिथे पाण्याचा (म्हणजे रेडिएटरमधल्या कूलंटचा) प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून चोंदलाय, पंपाचं चक्र नीट ढकलत नाही, किंवा खालचा होज पाईप पंपाच्या ओढीने चेपतोय.

सपाटीला सगळं ठीक आणि कसारा घाट किंवा सप्तशृंगी गडाचा चढ लागला की गरम, हे जरा अवघड प्रकरण. चोंदलेला रेडिएटरही असं करतो आणि सुरुवातीच्या टप्प्यातलं गेलेलं हेड गास्केटही (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्या मधला सील). चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो आणि एरवी बंद राहणारी बारीक फट तेवढ्यापुरती उघडते.

आणि सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, पाणी अजून कोमट असतानाच, तर तो दाब वाफेचा नाही. सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. ही एक खूण ज्याला कळली त्याचे हजारो रुपये वाचतात.

काटा वर जातोय म्हणजे गाडी खरंच गरम झालीय का?

बहुतेक वेळा हो, पण खात्री करून घ्यायची. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये काटा सरळ सेन्सरवर चालत नाही. साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. त्यामुळे काटा हलला तेव्हा इंजिन आधीच बरंच तापलेलं असतं. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा.

म्हणून गाडीच्या ओबीडी सॉकेटला (डॅशबोर्डखालचं तपासणीचं सॉकेट) स्कॅनर लावून पाण्याचं तापमान आकड्यांत बघा. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराचं, म्हणजे तो बसतो त्या खोक्याचं, तापमान घ्या. स्कॅनर ११० दाखवतोय आणि घर ८८ला असेल तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा इंजिनची अर्थिंग तपासा. हेड उतरवून परत बसवताना अर्थिंगची वायर सैल राहणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

एक धोक्याची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वर गेलेला काटा चालत्या गाडीत अचानक धाडकन खाली आला, तर गाडी गार झाली असं समजू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच तो खरं सांगतो. पाणीच निघून गेलं की तो कोरड्या हवेत लटकतो आणि काटा खाली पडतो. तशीच गाडी पुढे नेली की इंजिन सीझ होतं.

मेकॅनिक म्हणतो एअर लॉक झालाय. ते काय असतं आणि कसं काढायचं?

पाणी काढून परत भरलं की आत हवा अडकते. हवा वर चढते, आणि हेडमधली वळणं व हीटरचे पाईप हीच गाडीतली उंच ठिकाणं. तिथे हवेचा गोळा बसला की पंप पाणी ढकलू शकत नाही, थर्मोस्टॅटला गरम पाणी लागत नाही, तो उघडत नाही, आणि हेडचा एक भाग कोरडा तापत राहतो. दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी गाडी गरम झाली, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले आणि हीटर लावल्यावर थंड हवा आली, तर आधी हाच संशय घ्या.

काढायची रीत साधी आहे, पण घाई चालत नाही. गाडी चढावर, नाक वर करून उभी करा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर कमी. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून थंड इंजिनमध्ये हळूहळू कूलंट भरा. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या पाईपवर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि बुडबुडे संपून सलग धार आली की बंद करा. मग इंजिन सुरू करून मधूनमधून वरचा होज दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. गाडी पूर्ण गार झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा.

चार-पाच दिवसांत दोनदा हवा काढली आणि तरी पुन्हा हवा जमतेय, असं झालं तर तो एअर लॉक राहिलेला नाही. हवा कुठून तरी रोज तयार होतेय. बहुधा ती सिलिंडरमधून येतेय.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते?

नाही. हा सल्ला नाशिकमध्ये अजूनही सर्रास दिला जातो, म्हणून स्पष्टच सांगतो: काढू नका.

थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. इंजिनला ८२ किंवा ८८ अंशांच्या आसपास धरून ठेवणं हे त्याचं काम. तो नसला की सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेतं, गाडीच्या संगणकाला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतो आणि ऑइलमध्ये पेट्रोल व ओल मिसळत जाते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या मागची चकती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर तो रस्ता कायम उघडा राहतो आणि निम्मं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनमध्येच गोल फिरतं. अशी गाडी थर्मोस्टॅट काढल्यामुळेच जास्त तापते.

शंका असेल तर तपासणं घरच्या घरी होतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर सोडा. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ तो हलू लागला पाहिजे आणि साधारण दहा-बारा अंश पुढे पूर्ण उघडला पाहिजे. नवा कोरा थर्मोस्टॅटही बसवण्याआधी असाच तपासून घ्यावा, नवे खराब निघतात. बसवताना त्यावरची हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला येते का बघा.

रेडिएटरच्या टोपीने एवढा काय फरक पडतो?

फार. टोपी म्हणजे झाकण नव्हे, तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, म्हणजे उघड्या भांड्यात आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. टोपीने साधारण एक बारचा दाब धरला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर कडक झालं, स्प्रिंग थकली की पाणी लवकर उकळतं, टाकीतून बाहेर फेकलं जातं, आणि गार होताना टोपीचा आतला छोटा व्हॉल्व्ह उघडला नाही तर पाणी परत ओढलं जात नाही, होज चपटा होतो.

टोपीवर ०.९, १.१ असा आकडा असतो. कंपनीने दिला तोच घ्यायचा. जास्त दाबाची टोपी लावून गरमी थांबत नाही, कुठला तरी जुना जोड फुटतो. दुरुस्तीच्या यादीत ही सगळ्यात स्वस्त वस्तू असते आणि तीच बदलायची राहते.

हेड गास्केट बदललं, महिनाभर चांगली चालली, पुन्हा तेच. गास्केट दुय्यम दर्जाचं होतं का?

तेही असू शकतं, पण ते कारण सगळ्यात शेवटी धरावं. गास्केट स्वतःहून क्वचित जातं, त्याला घालवणारं काहीतरी असतं. पहिल्यांदा गाडी का तापली होती याचं उत्तर न शोधता नुसतं गास्केट बदललं, तर ते कारण अजून गाडीतच बसलेलं असतं. रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल, तर तो नवं गास्केटही जाळेल.

दुसरं कारण हेडचा सपाटपणा. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की धनुष्यासारखं वाकतं. त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही तिरकस दिशांना ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवायचा. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या पुढे वाक चालत नाही. नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते. म्हणजे मोजमाप केसाच्या जाडीइतकंही नाही, ते नजरेने कळणं शक्यच नाही. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट) करणारे चांगले कारागीर आहेत, पण फेसिंग झालं म्हणजे काम संपलं असं नाही. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तसाच पट्टी ठेवून बघावा लागतो, आणि तो फार कमी ठिकाणी बघितला जातो. हेड सरळ आणि ब्लॉक वाकडा असेल तर गास्केट काय करणार?

हेडला तडा आहे का हे फेसिंगने कळत नाही. त्यासाठी हेडची पाण्याची भोकं बंद करून, गरम पाण्यात बुडवून आत हवेचा दाब द्यावा लागतो. बुडबुडे आले की तडा. दोन व्हॉल्व्हच्या मधली बारीक पट्टी बघा, तडा बहुधा तिथेच असतो. थंड हेडवर तो बंद असतो, म्हणून पाणी गरम हवं. फेसिंगच्या आधी ही टेस्ट करा, नंतर नव्हे. तडा निघाला तर फेसिंगचा खर्च वाचेल.

तिसरं कारण बोल्ट. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते कसताना ताणले जातात, आणि तो ताणच गास्केट दाबून धरतो. आधी ठरलेला टॉर्क (कसण्याचा जोर), मग ठरलेले अंश फिरवायचे, तेही मधून बाहेरच्या क्रमाने. जुनेच बोल्ट अंदाजाने ‘चांगले टाइट’ केले की महिनाभराने फट पडते, आणि तुम्ही सांगताय ते अगदी असंच झालेलं दिसतं. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर पाना टॉर्क दाखवतो पण बोल्ट खाली बसलेलाच नसतो. काही वेळा ब्लॉकही तडकतो.

आणखी दोन गोष्टी. गास्केट उलटं बसवलं तर पाण्याची काही भोकं झाकली जातात. त्यावरची वर किंवा पुढे अशी खूण बघूनच बसवायचं. आणि टायमिंग बेल्ट परत चढवताना एक दात चुकला तर गाडी चालते, पिकअप कमी होतो आणि इंजिन तापतं. तेव्हाही सगळे बोट दाखवतात ते गास्केटकडेच.

उतरवलेलं जुनं गास्केट फेकू देऊ नका. उजेडात धरून बघा. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्यावर एका जागी काळी रेघ पाण्याच्या भोकाकडे गेलेली दिसेल. गॅस कुठून निघत होता त्याचा हा लेखी पुरावा आहे. त्याच जागी हेडवर आणि ब्लॉकवर पट्टी ठेवून मोजा.

हेड न उतरवता गास्केट गेलंय हे कळतं का?

कळतं, आणि हेड उतरवायच्या आधी कळलंच पाहिजे. मालकाने हे आग्रहाने मागावं.

पहिली टेस्ट दाबाची. थंड गाडीत टोपीच्या जागी हातपंप लावून टोपीवर लिहिलेला दाब भरायचा आणि वीस मिनिटं सोडून द्यायचा. पंपावरचा दाबाचा काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर पाणी आत जातंय. मग स्पार्क प्लग काढून त्या भोकातून छोटा कॅमेरा घालून बघा. चार पिस्टनपैकी तीन काजळीने काळे आणि एक धुतल्यासारखा चकचकीत दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येतंय, वाफेने तो रोज धुतला जातोय.

दुसरी टेस्ट गॅसची. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात. जळालेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. पेट्रोल गाडीला आणखी एक सोय आहे: पीयूसीचं मशीन. त्याची नळी टाकीच्या तोंडाजवळ, पाण्याला न लागू देता धरली आणि हायड्रोकार्बनचा आकडा उसळला, तर निकाल लागला. डिझेलचं पीयूसी मशीन फक्त धूर मोजतं, तिथे हा उपाय नाही.

या टेस्ट एकदा नकारात्मक आल्या म्हणून गास्केटला लगेच सोडू नका. ज्या गाडीला चढावरच त्रास होतो तिची टेस्ट उभ्या गाडीत थंड इंजिनवर केली तर काहीच दिसणार नाही. त्र्यंबक रस्त्याने एक फेरी मारून, गरम गाडीवर लगेच करा.

ऑइल पांढरं झालेलं नाही म्हणून गास्केट चांगलं, हेही खरं नाही. गॅस सिलिंडरमधून फक्त पाण्यात जात असेल तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. उलट डिझेल गाडीत ऑइलमध्ये पाणी किंवा पाण्यात ऑइल आलं तर आधी ऑइल कूलर बघा. पाणी कमी होतंय, पांढरा धूर येतोय, पण सिलिंडरचं कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं आहे, असं असेल तर ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत जाणारा धूर गार करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. चांगली हेडं केवळ या कूलरपायी उतरवली जातात, याचं फार वाईट वाटतं.

पंखा तर फिरतोय. आम्ही तो डायरेक्टसुद्धा करून घेतला.

फिरतो आणि हवा ओढतो यात फरक आहे. वायर उलट जोडली तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. इंजिन बंद असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरा आणि पंखा चालू करा. कागद चिकटून राहिला पाहिजे.

बऱ्याच पंख्यांना दोन वेग असतात. हळू वेगाचा रेझिस्टर जळला की पंखा खूप उशिरा, एकदम मोठ्या वेगाने लागतो. तोवर तापमान पुढे गेलेलं असतं. पंखा डायरेक्ट केला की ही चूक झाकली जाते, पण मोटर आणि वायरिंगवर सतत भार येतो आणि एक दिवस मोटरच बंद पडते, बहुतेक गर्दीत. रिले, रेझिस्टर आणि सेन्सर दुरुस्त करून मूळ जोडणी परत करा.

पिकअप आणि मोठ्या गाड्यांत पंखा इंजिनच्या पुलीवर असतो, मध्ये व्हिस्कस कपलिंग (गरम झालं की पंखा घट्ट पकडणारा जोड) असतं. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवायचा. तो जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर कपलिंग गेलं. द्राक्षाच्या हंगामात भरलेली पिकअप घेऊन निघण्याआधी एवढं जरूर बघा.

रेडिएटर धुतला, मग नवाही टाकला. तरीही?

बाहेरून पुढची बाजू धुतली की रेडिएटर स्वच्छ दिसतो. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत असते. वरचा पत्रा काढून, कंडेन्सर थोडा पुढे घेऊन टॉर्चच्या उजेडात बघा. धूळ, किडे, वाळलेलं गवत आणि ऑइलची वाफ मिळून राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो, बोटाने सोलला तर सलग पापुद्रा निघतो. ज्यांची गाडी मळ्यांच्या कच्च्या रस्त्यांवर चालते, त्यांच्याकडे हा थर एका उन्हाळ्यात तयार होतो. इंजिनच्या बाजूने पुढे, असं कमी दाबाच्या पाण्याने धुवायचं. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्र्याच्या बारीक पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

नवा रेडिएटर घेताना त्याची जाडी जुन्याशी मोजून बघा. स्वस्तातले काही कोअर पातळ असतात. शहरात चालतात, घाटात हरतात. बाजूच्या फोमच्या पट्ट्या आणि इंजिनखालचं प्लॅस्टिक परत बसवलंय का? ते नसेल तर हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने पळते.

आणि पंप. पंपाची पुली फिरते म्हणजे आतलं चक्र फिरतंच असं नाही. प्लॅस्टिकचं चक्र दांड्यावर तडकून सैल होतं, थंडीत धरतं, गरम झालं की घसरतं. बाहेरचा पट्टा चुकीच्या वाटेने चढवला, तर काही इंजिनांत पंप चक्क उलटा फिरतो. सिलिकॉन पेस्ट भरपूर लावली असेल तर तिचे तुकडे सुटून पाण्याच्या बारीक वाटांत अडकतात. काम करताना होजमध्ये कोंबलेला कापडाचा बोळा आतच राहिलेलाही सापडतो.

सीएनजी किट बसवल्यापासून हे सुरू झालं. संबंध आहे का?

असू शकतो. बाटलीतला गॅस मोठ्या दाबाचा असतो, रिड्यूसरमध्ये त्याचा दाब उतरताना तो प्रचंड गार होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरवतात. त्यासाठी हीटरचे पाईप कापून टी जोड घातलेले असतात. तिथली क्लिप सैल असेल तर पाणी थेंबथेंब जातं आणि गरम इंजिनवर वाळून जातं, खाली डाग पडत नाही. जोडाभोवती पांढरी किंवा हिरवट पूड दिसते. रिड्यूसर रेडिएटरपेक्षा उंच बसवला असेल तर हवाही तिथेच अडकते.

गाडी पेट्रोलवर आठवडाभर चालवून बघा. फक्त सीएनजीवरच गरम होत असेल तर मिश्रण पातळ आहे का आणि टायमिंग किटला जुळतंय का हे ट्यूनिंग करणाऱ्याकडून तपासून घ्या.

कूलंट की साधं पाणी? आणि गळती थांबवायला हळद घातली तर चालते का?

कूलंटच, ५०-५० प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चालतं. गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, निफाडच्या थंडीतसुद्धा नाही. प्रश्न गंजाचा, पंपाच्या सीलचा आणि उकळबिंदूचा आहे. बोअरचं जड पाणी घातलं की हेडच्या आतून पांढरा थर बसतो आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. बाहेरून सगळं नवं, आत चुन्याचा लेप.

रंग बघून कूलंट मिसळू नका, हिरवा-लाल हे काही प्रमाण नाही. वेगळ्या जातीचे मिसळले तर काही वेळा चिकट गोळे होतात. मॅन्युअलमधली जात घ्या.

हळद, किंवा बाजारातली सील पावडर, रात्री घाटात अडकलात तर घरी पोचवू शकते. पण ती बरं करत नाही. तीच हळद पुढे हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसते. घातली असेल तर लपवू नका, मेकॅनिकला सांगा, म्हणजे तो आधी फ्लश करेल.

कूलिंगमध्ये काहीच दोष सापडत नाही. मग?

मग इंजिनला जास्त उष्णता कोण देतंय ते शोधा. धरून राहिलेला ब्रेक: दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमचं तापमान थर्मामीटरने बघा, एक चाक वेगळं निघालं की कळेल. घसरणारा क्लच. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग): गाडी ओढत नाही आणि खाली उष्णता साठते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमध्येच गार होत असेल तर गिअरबॉक्सचा दोषही पाण्यात दिसतो.

कसारा घाटात मध्येच काटा लाल रेषेला टेकला. त्या क्षणी काय करायचं?

काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, खिडक्या खाली. खालचा गिअर टाका, ॲक्सिलरेटर हलका ठेवा आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. वाफ नसेल तर इंजिन दोन मिनिटं तसंच चालू द्या. काटा उतरला नाही, वाफ दिसली, गोड वास आला किंवा हीटरमधून थंड हवा आली, तर लगेच इंजिन बंद. वळणावर थांबू नका, पार्किंगचे दिवे (चारही इंडिकेटर एकदम) लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसांना वाहनांच्या वाटेपासून दूर, सुरक्षित जागी उभं करा, दरीच्या कडेला नव्हे.

बॉनेट उघडा, टोपी नाही. आत दाबाखालचं ११० अंशांचं पाणी आहे, टोपी सुटताच ते उसळून तोंडावर आणि हातावर येतं आणि भाजतं. वरचा होज हाताने आरामात दाबता येईपर्यंत थांबा, तासही लागतो. इंजिनवर थंड पाणी ओतू नका, ज्या हेडला तडा नव्हता त्याला तो तेव्हा जातो. गार झाल्यावर पाणी भरलं आणि ते लगेच गळालं, तर इगतपुरीपर्यंत चालवत जायचा हट्ट नको, टोइंग बोलवा. टोइंगचा खर्च हेडच्या खर्चापुढे काहीच नाही.

गॅरेजमध्ये गाडी देताना काय सांगू आणि काय मागू?

“गाडी गरम होते” एवढंच सांगू नका. कुठल्या रस्त्याला, किती वेगाला, एसी चालू असताना की नसताना, सुरू केल्यापासून किती वेळाने, आणि आठवड्याला किती पाणी घालावं लागतं, हे कागदावर लिहून द्या. आधी काय काय बदललं त्याची बिलं दाखवा. ज्याने आधी काम केलं त्याला नावं ठेवत बसू नका, त्याने नेमकं काय केलं हे विचारून घ्या. ती माहिती नव्या माणसाच्या फार कामाची असते.

मागायच्या गोष्टी: दाबाच्या टेस्टचा निकाल, गॅस टेस्टचा निकाल, हेड उतरवलं तर आधी आणि फेसिंगनंतर किती वाक निघाला तो आकडा, हेडच्या प्रेशर टेस्टची चिठ्ठी, बोल्ट नवे घातल्याचं बिल, आणि काढलेले सगळे जुने पार्ट. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. तपासणीची मजुरी वेगळी मागितली तर आनंदाने द्या, कारण ती दिली नाही की तपासणीच होत नाही, आणि पार्ट बदलत राहतात.

मेकॅनिक म्हणतो आता इंजिनच बदला. ऐकावं का?

तडा हेडला असेल तर नाही, हेड बदलून भागतं. ब्लॉक किंवा लायनर तडकला असेल, किंवा इंजिन इतकं तापलं असेल की रिंगांचा ताण गेला, कॉम्प्रेशन सगळ्याच सिलिंडरमध्ये पडलं आणि गाडी ऑइल खाऊ लागली, तर हो, त्या इंजिनवर आणखी गास्केट घालण्यात अर्थ नाही. पण कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते मोजायची) टेस्टचे चारही सिलिंडरचे आकडे हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका. जुनं तयार इंजिन आणून टाकायचं ठरलं, तर रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट, टोपी आणि पंप त्याच दिवशी नवे घाला आणि हीटरची कॉइल फ्लश करून घ्या, नाहीतर जुन्या इंजिनची घाण नव्यात जाईल.